प्रश्न विचारणं थांबवलं तेव्हा

मुलगा तिसरीत असताना त्याच्या बाई मला म्हणाल्या, "वाचता येतं त्याला, पण वाचत नाही." घरी हे सांगितलं तर सगळ्यांचं उत्तर तयार होतं: मुलगेच ते, एका जागी बसतात कुठे! मीही बरेच दिवस तेच धरून चाललो.

मग 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीतले आकडे वाचनात आले. 15 वर्षांच्या मुलामुलींची ही चाचणी. 2009 मध्ये सरासरी 73 टक्के मुली आवड म्हणून वाचतो असं म्हणाल्या, मुलगे 52 टक्के. फरक मोठा आहे, पण माझी नजर त्या 52 वर अडली. निम्म्याहून जास्त मुलगे आवडीनं वाचतात. म्हणजे 'मुलगा आहे म्हणून' हे कारण पुरेसं नव्हतं. आमच्या घरात काय चाललंय ते बघायला हवं होतं.

ते त्यानंच दाखवलं. रोज रात्री दहा पानं वाचायची आणि मग मी विचारायचो, "सांग बघू, या गोष्टीतून काय शिकलास?" एका रात्री पुस्तक उघडण्याआधीच त्यानं विचारलं, "बाबा, यावर प्रश्न आहेत का?" मी हो म्हणालो. त्यानं शांतपणे पुस्तक जागेवर ठेवलं आणि दात घासायला गेला. मला फार वाईट वाटलं. गोष्टीची मी रोज परीक्षा करून टाकली होती.

त्या दिवसापासून प्रश्न बंद. आता मी वाचायचो, तो ऐकायचा. या वयात मुलांना स्वतः वाचून जेवढं कळतं त्यापेक्षा ऐकून जास्त कळतं, त्यामुळे त्याला एकट्याला जड जाईल असं जाडजूड पुस्तक घेतलं. वाचताना ऐन रंगात आलं की मी खूण घालून थांबायचो. तिसऱ्या आठवड्यात एकदा खूण चार पानं पुढे सरकलेली दिसली. मी काही बोललो नाही, तिथूनच पुढे वाचायला लागलो.

मग जोडीनं वाचायला सुरुवात केली. कीथ टॉपिंग या शिक्षणतज्ज्ञांनी या पद्धतीवर बरंच काम केलंय. दोघांनी एकाच वेळी, एकाच गतीनं मोठ्यानं वाचायचं. मुलाला वाटलं की आता आपलं आपल्याला जमेल, की त्यानं हातावर टकटक करायची आणि आपण गप्प व्हायचं. तो अडला तर चार-पाच सेकंद थांबायचं, शब्द सांगायचा, त्यानं तो म्हणायचा आणि पुन्हा दोघांनी मिळून पुढे जायचं. रागावणं नाही, 'कालच सांगितला होता' नाही. पहिल्या दिवशी पान संपत आलं तेव्हा कुठे त्याची टकटक झाली, तीही दबकत. महिन्याभरात दुसऱ्याच ओळीला व्हायला लागली. गप्प बसणं मला जड जायचं, हेही सांगायला हवं. तोंडावर आलेला शब्द गिळावा लागतो.

पुस्तकं निवडणं मात्र पूर्ण त्याच्यावर सोडलं. चित्रकथा, विक्रमांच्या याद्या, विमानाचं मॉडेल जोडायची माहितीपत्रिका, हे मी आधी वाचनात धरतच नव्हतो. गोष्टीतल्या साध्या जोडाक्षराला अडणारा हा मुलगा डायनासोरच्या पुस्तकात 'टायरॅनोसॉरस' एका दमात वाचून गेला, तेव्हा माझं मत बदललं.

लिहिण्याचं काम जास्त अवघड होतं. पेन्सिल इतकी घट्ट धरायचा की बोटाला वळ उठायचा, आणि हात ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत डोक्यातलं वाक्य निसटायचं. म्हणून काही दिवस तो सांगायचा, मी उतरवून घ्यायचो, त्याच्याच शब्दांत, एकही शब्द न बदलता. मग तो स्वतःचं लिहिलेलं वाचायचा. आपलं बोलणं कागदावर बघून खूश व्हायचा.

पण स्वतःहून लिहिलं ते त्यानं शोधलेल्या एका खेळापायी. बोर्ड त्यानं पुठ्ठ्यावर आखला आणि नियम कागदावर लिहिले. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होत्याच, मी हात लावला नाही. मित्र खेळायला आला आणि चौथ्या नियमावर दोघांची जुंपली. नियम असा होता: 'सहा पडले की मागे जायचे.' मित्र म्हणाला, किती घरं? आणि कुणी जायचं, ज्याला सहा पडले त्यानं की दुसऱ्यानं? मुलगा माझ्याकडे आला. मी म्हटलं, "मला कसं माहीत? खेळ तुझा आहे." तो जमिनीवर पालथा पडून लिहायला लागला. खाडाखोड करत चौथा नियम तीनदा लिहिला. शेवटी झाला तो असा: 'ज्याला सहा पडतील त्याच्या समोरच्याने तीन घरे मागे जायचे, पण तो घरात असेल तर नाही.' मग मला विचारलं, "'समोरच्याने' मधला मो बरोबर आहे ना?"

आता तो पाचवीत आहे. कादंबऱ्या फारशा वाचत नाही, निबंध अजूनही ओढूनताणून लिहितो. नियमांची वही मात्र भरत आलीय, आणि रात्री झोपण्याआधी आम्ही दोघं शेजारी बसून आपापलं पुस्तक वाचतो. मध्येच तो कोपरानं ढोसतो, "बाबा, हे ऐक", आणि मी माझं पुस्तक बाजूला ठेवतो.