गगनबावड्यातली गिरण: आमची वाटचाल

कोल्हापूरपासून ५५ किलोमीटरवर, करूळ आणि भुईबावडा घाटांच्या तोंडावर आमची गिरण आहे. म्हणायला तालुक्याचं गाव, पण रात्री आठनंतर रस्त्यावर कुत्र्याशिवाय कोण दिसत नाही. इथं गिऱ्हाईक वाढत नसतं. तीच घरं, तेच डबे. त्यामुळं आम्ही एकेक यंत्र घेतलं ते गावाचा हंगाम बघून.

सुरुवात एक दगडी गिरण नि १० एचपीची मोटर. पावसाचे चार महिने हीच काय ती चालते, तीही रडतखडत. ज्वारी-नाचणी बंद डब्यातसुद्धा सादळते. असलं धान्य घातलं की दगडाला पीठ चिकटतं, पट्टा घसरतो, पीठ तापतं. तापलेल्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी कडेनं चिरते आणि बोलणी गिरणीला. म्हणून दळण घेतानाच दाणा दाताखाली धरायचा. कट्‌ वाजला तर घ्यायचं. दबला तर चुलीपुढं सुकवून उद्या आणा म्हणायचं. चालू दळणाचं पीठ मधूनमधून चिमटीत धरून बघावं. चटका बसला तर दगडाचा दाब कमी करायचा. तरीही तापतंय म्हणजे दगड गुळगुळीत झाला, टाकी लावायला, म्हणजे छिन्नीनं टोचून खरखरीत करायला, आला. टाकी लावल्यावरची पहिली दोन-तीन किलो भरड फेकायचीच, तीत कच असते. जनावरांनाही घालू नये.

दिवाळीपुढं भात. त्यासाठी हलर, म्हणजे भात सडायचं यंत्र. नीट वाळलेल्या १०० किलो भाताचे ६० ते ६५ किलो तांदूळ पडतात. खळ्यावरनं थेट आणलेल्या ओल्या भाताची कणीच जास्त. दोन उन्हं देऊन आणा म्हटलं की माणसं रुसतात. रुसू देत.

खरी कमाई मार्च ते मे, चटणीची. मिरची-मसाला कुटायचा डंक बसवला नसता तर गिरणीला कुलूप लागलं असतं. आमच्याकडं साधारण प्रमाण येतं ते १ किलो मिरचीला खोबरं, लसूण, मीठ प्रत्येकी पाव किलो, धणे-तीळ शंभर-शंभर ग्रॅम, वर तळलेला कांदा आणि घरचा मसाला. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. मिरची देठ खुडलेली, मुठीत चुरचुरणारी हवी. चटणी बिघडते ती बहुतेक वेळा कांद्यामुळं: कुरकुरीत न तळता मऊसर आणला की जुलैत बरणीला बुरशी. डंकावरनं निघालेली गरम चटणी लगेच डब्यात कोंबली तरी तेच. परातीत पसरून निवू द्यावी. मेमध्ये मुंबईवाले येतात तेव्हा डंकाला उसंत नसते.

आणि नेमका तेव्हाच वळीव. विजेच्या तीन फेजांपैकी एक जातो, मोटर नुसती गुरगुरते, फिरत नाही. तशीच ठेवली तर वाइंडिंग जळतं, आणि मोटर कोल्हापूरला न्यायची म्हणजे ऐन हंगामातले दोन दिवस गेले. फेज गेला की मोटर आपोआप बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर आम्ही एकदा मोटर जळल्यावर बसवला. तुम्ही आधी बसवा.

डब्यांवर नावं नसतात, पोचा आणि कडीवरनं ओळखायचे. उधारी भात विकल्यावर मिटते, तोवर वही उघडायची नाही. नागपंचमीला गावात कोण चिरत नाही, दळत नाही, गिरण बंद. आदल्या संध्याकाळी मात्र डब्यांची रांग पार रस्त्यापर्यंत.