तुम्ही विचारलंत म्हणून: बँक सोडून मोबाइलवरून कर्ज का घेतलं?

नणंदेपासून नागपूरच्या गांधीबागेतल्या कापड व्यापाऱ्यापर्यंत सगळ्यांनी हे विचारून झालंय. एकदाच सांगते.

इथल्याच नंदनवन वस्तीत माझं शाळेच्या गणवेशांचं शिलाईकाम चालतं. विदर्भात शाळा उघडतात जूनच्या शेवटी. म्हणजे कापड एप्रिलमध्ये उचलायचं, कारागिरांची मजुरी मेभर दर शनिवारी द्यायची आणि शाळेचे पैसे यायला पोळा उजाडतो. लहान उद्योगांची बिलं ४५ दिवसांत चुकवावीत असा २००६ चा कायदा आहे, ठाऊक आहे मला. पण पुढच्या वर्षीची ऑर्डर ज्यांच्या हातात, त्यांना कायदा दाखवायचा कोणी?

बँकेत आधी गेलेच होते. मुद्रा कर्जाला तारण लागत नाही. तरी साहेबांचा पहिला प्रश्न, घर कोणाच्या नावावर? सासऱ्यांच्या. मग म्हणाले, खात्यात उलाढाल दिसत नाही. निम्मा व्यवहार रोखीचा, दिसणार कुठून? ‘पुढच्या आठवड्यात या’ ऐकता ऐकता २०२२ चा मे निम्मा सरला. शेवटी मोबाइलवर कर्जाच्या अॅपमध्ये आधार, पॅन आणि बँकेचं स्टेटमेंट टाकलं, संध्याकाळी पैसे खात्यात.

मला हिशोब येत नव्हता असं समजू नका. कर्ज दीड लाखाचं, फी आणि जीएसटी कापून हातात १,४४,६९० रुपये. हप्ता १५,५००, बारा महिने. अॅपवर लिहिलेलं ‘महिना फक्त २ टक्के’, पण ते शेवटपर्यंत पूर्ण दीड लाखावर, फेडलेल्या मुद्दलावरसुद्धा. खरा दर वर्षाला ४९ टक्क्यांच्या घरात जातो. वहीत मांडून पाहिला आणि तरीही घेतलं, कारण सीझन हुकला की शाळा दुसऱ्याकडे जाते.

ऑगस्टचा हप्ता चुकला. दोन दिवसांनी मुख्याध्यापिका बाईंचा फोन. “ताई, तुमचं काही कर्ज आहे का? एक माणूस शाळेत फोन करून तुमच्याबद्दल वाट्टेल ते बोलतोय. क्लार्कनं उचलला होता फोन.” अॅप घेताना माझी सगळी नंबरांची यादी अॅपवाल्यांकडे गेली होती. मी ओव्हरलॉक मशीनशी उभी, समोर कारागीर काजं करत बसलेले. माझं बिल त्याच क्लार्कच्या टेबलावर पडलेलं होतं. ते निघालं असतं तर हप्ता चुकलाच नसता. हे ओठावर आलं होतं, बोलले नाही. “हो बाई, बघते मी,” एवढंच म्हटलं. बिल त्याच आठवड्यात निघालं. पुढच्या वर्षी मात्र निम्मी ऑर्डर दुसरीकडे गेली. बाईंनी कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

२ सप्टेंबर २०२२ ला रिझर्व्ह बँकेचे नियम आले: अॅपनं फोनमधल्या नंबरांना हात लावायचा नाही, वर्षाचा खरा दर आधी लिहून द्यायचा. माझ्यासाठी ते काही आठवडे उशिरा आले.

धंदा सुरू केला तेव्हा मीच म्हणायचे, घ्यायचं तर बँकेचंच कर्ज घ्यावं. त्या वेळच्या मला आज विचारावंसं वाटतं, मेच्या तिसऱ्या शनिवारी कारागिरांना काय दिलं असतंस? तीही मला बाईंच्या फोनाचं विचारेल, आणि तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही.

यंदा बँकेत फाइल पुन्हा दिली आहे, आता खात्यात यूपीआयची उलाढाल दिसते. पैसे वेळेत मिळाले तर बँकेचेच घेईन. नाही मिळाले तर काय करीन, ते आज कबूल करून ठेवत नाही.