स्वालबार्डवर दगडफूल मोजताना

गोड्या मसाल्यातलं दगडफूल म्हणजे शैवाक: बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, जिथे एकही झाड नाही, तिथे शैवाकांच्या ७०० हून अधिक जाती आहेत. भारताचं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र २००८ पासून इथल्याच नी-ऑलेसुंडमध्ये आहे.

मोजणीला ५० सेंमी बाजूची चौकट लागते. दोऱ्यांनी तिचे २५ चौकोन पाडायचे आणि प्रत्येक जात त्यातल्या किती चौकोनांत दिसते ते लिहायचं. ‘अंदाजे ३० टक्के’ असं लिहिलं की माणसागणिक आकडा बदलतो. चौकोन मोजले की फरक बराच कमी होतो. चौकट मनाला येईल तिथे टाकू नये, नाहीतर हात आपोआप रंगीत दगडाकडेच जातो. जागा नकाशावर आधीच ठरवाव्यात. गुडघे टेकून बसलेल्याला अस्वल दिसत नाही, म्हणून एकाने फक्त पहारा करायचा, त्याला वहीसुद्धा द्यायची नाही.

सगळ्यात जास्त निसटतात ते दगडाला पापुद्र्यासारखे चिकटलेले शैवाक. भिंग दहापटीचं हवंच. ते सोलून निघत नाहीत. छिन्नी-हातोडीने दगडाची चकतीच काढावी लागते, डोळ्यांना चष्मा लावून. ओल्यात रंग फसवतो: पेल्टिजेरा या शैवाकाच्या काही जाती भिजल्या की हिरव्यागार, वाळल्या की करड्या. म्हणून नोंदीत ‘ओला’ की ‘कोरडा’ हे लिहायलाच हवं. नमुना कागदी पाकिटात ठेवायचा. प्लॅस्टिकमध्ये बुरा येतो.

पुढची ओळख रसायनांनी. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब पडला की पक्ष्यांच्या कड्यांखालचा नारिंगी झँथोरिया जांभळट लाल होतो. ब्लीचचा थेंब ऑक्रोलेकिया फ्रिजिडा या शैवाकावर लाल उमटतो. पण ब्लीच ठेवून-ठेवून निकामी होतं, आणि मग ‘रंग बदलला नाही’ ही नोंदच खोटी ठरते. म्हणून रोज कामाआधी तो थेंब खात्रीच्या ऑक्रोलेकियावर टाकून पाहायचा. लाल आला नाही, तर बाटली बदलायची.

थॅम्नोलियाचं कोडं मात्र थेंबाने सुटेलच असं नाही. पांढऱ्या अळ्यांसारखी दिसणारी दोन रूपं शेजारी-शेजारी वाढतात. अतिनील दिव्याखाली एक पांढरं चमकतं, दुसरं नाही. माळावर दोघांना एकच नाव दिलं तर वहीत एक रूप कमी भरतं. त्यामुळे तिथे फक्त ‘थॅम्नोलिया’ एवढंच लिहावं, पाकिटावर चौकटीचा क्रमांक पेन्सिलीने टाकावा आणि नाव दिव्याखाली पाहून ठरवावं.