हिकावा मारू: योकोहामाच्या किनाऱ्यावर उभं असलेलं 1930 सालचं जहाज

टोकियोहून योकोहामाला जाणार असाल तर अर्धा दिवस हिकावा मारूसाठी राखून ठेवा. शिबुयाहून तोयोको लाइनची थेट गाडी मिळते. तीच पुढे मिनातोमिराई लाइनवरून मोतोमाची-चुकागाई या शेवटच्या स्थानकापर्यंत जाते. तिथून यामाशिता पार्क पाचेक मिनिटांवर, जहाज त्याच्याच काठाला उभं आहे. जहाज सोमवारी बंद असतं. सोमवारी सार्वजनिक सुट्टी आली तर त्याऐवजी पुढच्या कामाच्या दिवशी. शेवटचा प्रवेश दुपारी साडेचारला आणि पाचला सगळ्यांना बाहेर काढतात, म्हणून अडीचपर्यंत पोचाच. उशीर झाला की इंजिनरूम घाईत उरकावी लागते, आणि खरं बघण्यासारखं तर तिथेच आहे. तिकीट माफक आहे, कित्येक वर्षं ते 300 येनच होतं.

हे निप्पॉन यूसेन या जपानी कंपनीचं जहाज. याच कंपनीने 1893 मध्ये जमशेटजी टाटांच्या साथीने कोबे-मुंबई मार्ग सुरू केला होता, मुंबईचा कापूस स्वस्तात नेण्यासाठी. हिकावा मारू मात्र अमेरिकेतल्या सिअॅटलच्या मार्गावरचं: 163 मीटर लांब, 11,622 टनांचं, बांधणी योकोहामातलीच. हिए मारू आणि हेइआन मारू ही त्याची दोन जुळी जहाजं. युद्धात नौदलाने ती दोन्ही पाणबुड्यांना रसद पुरवायला घेतली. पहिलं 1943 मध्ये बुडालं, दुसरं 1944 मध्ये प्रशांत महासागरातल्या ट्रुक बेटांच्या खाजणात. हिकावा मारूचं रुग्णालय-जहाज झालं. पाण्यातल्या सुरुंगांचे धक्के तीनदा बसले, तरी ते तरलं. युद्धानंतर परदेशी अडकलेल्या जपान्यांना घरी आणायचं काम त्याने केलं, 1953 मध्ये पुन्हा सिअॅटलला जाऊ लागलं, 1960 मध्ये निवृत्त झालं आणि 1961 पासून इथे आहे. 2016 मध्ये त्याला महत्त्वाच्या सांस्कृतिक वारशाचा दर्जा मिळाला. युद्धापूर्वीची बहुतेक जपानी प्रवासी जहाजं समुद्राच्या तळाशी गेली, हे लक्षात ठेवून आत शिरलं की साधा कठडासुद्धा वेगळा वाटतो.

आतला मार्ग ठरलेला आहे. आधी पहिल्या वर्गाचं भोजनगृह, दिवाणखाना, धूम्रपान कक्ष. सजावट फ्रेंच आर्ट डेको पद्धतीची. जिन्याच्या लोखंडी जाळीत ढगांची नक्षी शोधा. ते हिकावा देवळाचं चिन्ह, त्या देवळावरूनच जहाजाचं नाव. चार्ली चॅप्लिन 1932 मध्ये याच जहाजाने जपानहून परतला. जुदोचे जनक जिगोरो कानो मे 1938 मध्ये परतीच्या प्रवासात याच जहाजावर वारले. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीत, सुकाणूच्या चक्राच्या वर लहानसं देवघर आहे, ते चुकवू नका.

मग खाली इंजिनरूम. डेन्मार्कच्या बुर्माइस्टर अँड वाइन कंपनीची दोन डिझेल इंजिनं, प्रत्येकी आठ सिलिंडर, मिळून 11,000 अश्वशक्ती. ही दुहेरी क्रियेची: पिस्टनच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही बाजूंना ज्वलन होतं. म्हणून पिस्टनचा दांडा खालच्या झाकणातून बाहेर काढावा लागतो, आणि तिथे वायू गळू नये म्हणून पॅकिंग लागतं. ताकद वाढते, पण देखभालही तेवढीच. पुढे ही रचना मागे का पडली ते तिथल्या यंत्रांच्या गर्दीकडे पाहूनच कळतं. जिने उभे आहेत, तेव्हा हात मोकळे ठेवा, पाठीवरची सॅक हलकी असू द्या आणि रबरी तळाचे बूट घाला. गुडघे दुखत असतील तर वरचे मजले बघून थांबणं बरं. प्रकाश कमी असतो, फोटो हलतात. फोन कठड्यावर टेकवून घ्या.

शेवटी तिसऱ्या वर्गाची खोली आहे: दुमजली खाटा, एका खोलीत आठ माणसं. वरच्या दिवाणखान्यानंतर इथे जरा थांबाच. उघडा डेक सहसा शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीच खुला असतो. तो हवा असेल तर त्याच दिवशी जा, हिवाळ्यात वारं अडवणारं जाकीट घेऊन.

बाहेर पडल्यावर पार्कातच घुमटाचा इंडियन वॉटर टॉवर बघा. 1923 च्या भूकंपात योकोहामाच्या लोकांनी भारतीयांना आसरा दिला, त्याबद्दल कृतज्ञता म्हणून इथल्या भारतीयांनी तो 1939 मध्ये भेट दिला. हे पार्कही त्याच भूकंपाच्या ढिगाऱ्याची समुद्रात भर घालून 1930 मध्ये उभं राहिलं. वेळ उरला तर साकुरागिचो स्थानकाजवळचं निप्पॉन मारू बघा. तेही 1930 चंच, पण शिडांचं प्रशिक्षण-जहाज.