तुम्ही विचारलंत म्हणून: ते उघडंच का नाही ठेवलं?

इथे जर्मनीत कोलोनला आमच्याकडे पाहुणे आले की आधी ते मोठं कथीड्रल, मग चालत टाउन हॉल, आणि तिथलं बांधकाम बघून ठरलेला प्रश्न: जमिनीखाली एवढे जुने अवशेष सापडलेत तर त्यांच्या डोक्यावर ज्यू म्युझियम कशाला बसवायचं, उघडंच ठेवायचं ना, आपलं वेरूळ नाही का उघडं?

अहो, वेरूळ म्हणजे अख्खा कातळ. इथे विटा, चुना आणि अर्धवट उरलेल्या भिंती, त्यात पावसाचं पाणी मुरतं, थंडीत गोठून फुगतं आणि दगड फोडतं. छप्पर घालावंच लागतं.

खाली रोमन गव्हर्नरचा वाडा आहे आणि त्यावर मध्ययुगातली ज्यू वस्ती, म्हणजे सिनॅगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), बेकरी, लग्नाचा हॉल सगळं. 321 साली कॉन्स्टंटाइन बादशहाने कोलोनला कळवलं की ज्यूंनाही नगरसभेवर घेता येईल (मान कमी, खिशाला चाट जास्त असं ते पद, कर कमी जमला तर सभासदाने पदरचे भरायचे). पुढे 1349 ला कत्तल झाली, 1424 ला ज्यूंना शहराबाहेर काढलं, आणि सिनॅगॉगचं काय केलं तर नगरसभेने स्वतःसाठी चॅपल, म्हणजे छोटं चर्च, करून घेतलं! समोरच तर टाउन हॉल. म्हणून हे म्युझियम गावाबाहेर मोकळ्या प्लॉटवर बांधा म्हणणारे मला पटत नाहीत.

आणि मिक्वे, म्हणजे विधीच्या स्नानाचं कुंड, ते कसं हलवणार? बांधकामाआधी टाउन हॉलच्या दारावर आयडी ठेवून किल्ली मिळायची, मी एकदा उतरलोय. थेट आपल्या बारवेसारखं, पायऱ्या गोल फिरत खाली खाली, भिंतीला हात लावला तर गार ओल, आणि तळाशी काळं स्थिर पाणी. ते नळाचं किंवा भरलेलं चालत नाही, नैसर्गिकच लागतं, झऱ्याचं, जमिनीतलं किंवा पावसाचं; इथलं जमिनीतून आलेलं आहे, त्यामुळे ऱ्हाईन नदी चढली की हेही चढतं.

उशीर म्हणाल तर झालाय, भरपूर. 2018 ला पायाभरणी झाली, तारखा पुढे पुढे गेल्या, खर्चही फुगला, लोक वैतागतात ते बरोबरच आहे. पण जुन्या भिंती चुकवत एकेक खांब उभा करायचा, आणि खांबाची जागा आधी हाताने खोदून तपासायची. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगला दोन वर्षं लागली, तिथे तर खाली नुसती माती होती.