गिअरची मूठ

"नवी मूठ लावून देतो भाऊ, पण मंग तुमच्या बाबांचा हात या गाडीत नाही राहणार," इतवारीतले मिस्त्रीकाका आज दुपारी सहज म्हणाले आणि पुन्हा कार्ब्युरेटर पुसू लागले.

आमची १९६८ ची फियाट ११०० डिलाइट कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली. त्याची पांढरट मूठ अंगठ्याच्या जागी इतकी झिजली आहे की तिथे उथळ खळगा पडला आहे, आणि मी मात्र न वापरलेली अस्सल मूठ शोधत तीन महिने मुंबईच्या चोर बाजारापर्यंत फोन करीत होतो. अखेर ती मिळाली (भाव सांगत नाही, घरचेही हे वाचतात).

संध्याकाळपासून दोन्ही मुठी टेबलावर ठेवून बसलो आहे. यांतली अस्सल कोणती म्हणावी?