सेज की ऊद?

आज मावसबहिणीच्या नाशिकमधल्या पाथर्डी फाट्याच्या नव्या फ्लॅटवर गेलो होतो. तिने ऑनलाइन व्हाइट सेज नावाच्या सुगंधी झुडपाची जुडी मागवली होती, घरातली 'निगेटिव्ह एनर्जी' घालवायला. पांढुरकी, लोकरीसारखी पानं, दोऱ्याने करकचून बांधलेली. टोक पेटवून ज्योत विझवली, की जुडी धुमसत राहते. वास निलगिरी आणि कापराच्या मधला, जरा उग्रच. राख पडू नये म्हणून खाली स्टीलची वाटी.

मावशी तोवर गप्प होती. मग उठून गॅलरीत गेली, धुपाटण्यात गोवरीचे निखारे घेऊन आली आणि चिमूटभर ऊद, थोडा गुग्गुळ टाकला. तडतड झाली आणि हॉल भरून गेला. "हे काय कमी होतं का गं?"

खरं सांगायचं तर सेज बिचारं वाईट नाही. ते दक्षिण कॅलिफोर्निया आणि बाजा कॅलिफोर्नियातलं, तिथल्या मूलनिवासींच्या विधींमधलं. पण जगभर फॅशन झाली आणि रानातून ते चोरून तोडलं जाऊ लागलं. आपणही फार शहाणे नाही म्हणा. चिकासाठी खाचा पाडून पाडून गुग्गुळाचं झाडही अतिधोक्यात आलंय.

एनर्जीचं मला कळत नाही. धूर मात्र दोन्हींचा धूरच, म्हणून दम्याच्या काकांना आधीच खाली पार्किंगमध्ये बसवलं आणि सगळ्या खिडक्या उघडल्या. डास पळाले, हे नक्की.

रविवार कारंजा किंवा भद्रकालीत बिनभेसळीचा ऊद कुठे मिळतो? मावशीचा संपत आलाय.